नेड केली आणि नांगराच्या पत्र्याचं चिलखत

टी.ई.च्या सेमिनारला मी बुलेटप्रूफ जॅकेटमधल्या प्लेट्स हा विषय घेतला, तेव्हा हॉस्टेलमधल्या मित्रांना वाटलं की हा आता केव्हलारच्या चार स्लाइड्स दाखवून मोकळा होणार. केव्हलार त्यात होतंच. पण लायब्ररीत वाचता वाचता मी एका माणसापाशी अडकलो, आणि सेमिनारचे गुण मिळून गेले तरी तो माणूस काही डोक्यातून जाईना. नाव नेड केली, देश ऑस्ट्रेलिया. धंदा काय, ते कुणाला विचारता त्यावर आहे. पोलिसांच्या लेखी घोडेचोर, दरोडेखोर आणि खुनी. तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या लेखी आपला माणूस. शिक्षण जेमतेम. मेटलर्जीचा एकही पेपर न देता या माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी १८८० साली बंदुकीच्या गोळीला दाद न देणारं चिलखत बनवलं. ते चिलखत एकदाही फुटलं नाही, आणि तरीही तो पकडला गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, ते सांगण्यासाठी ही पानं अडवतोय.

बाप जॉन केली हा आयर्लंडमधल्या टिपरेरीचा. दोन डुकरं चोरल्याबद्दल १८४१ मध्ये त्याला सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हो, दोन डुकरं. त्या काळी इंग्रज सरकार असे कैदी जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवत असे. शिक्षा संपल्यावर तो मेलबर्नच्या बाजूला आला, एलन क्विन या आयरिश मुलीशी लग्न केलं आणि पोटापुरती शेती, गुरं असं काहीबाही करू लागला. नेड हा त्यांचा मोठा मुलगा, जन्म १८५४-५५ च्या सुमाराचा, मेलबर्नच्या उत्तरेकडच्या बेव्हरिज गावचा.

लहानपणची एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. केली कुटुंब एव्हनेल नावाच्या गावात राहत असताना, १८६५ मध्ये, रिचर्ड शेल्टन नावाचा सात वर्षांचा मुलगा पाण्याने भरलेल्या ओढ्यात पडला. दहा-अकरा वर्षांच्या नेडने उडी मारून त्याला बाहेर काढलं. शेल्टन कुटुंबाने खूश होऊन त्याला सोनेरी झालर लावलेला हिरवा रेशमी कमरपट्टा दिला. कैद्याच्या पोराला गावाने दिलेला तो बहुधा पहिला आणि शेवटचा मान. पट्टा त्याने जन्मभर जपला.

पुढच्याच वर्षी, १८६६ च्या डिसेंबरात, बाप वारला. नेडची शाळा सुटली. आई पोरंबाळं घेऊन ग्रेटा भागात गेली आणि तिथे तिने जमिनीचा एक तुकडा घेतला. तिथली जमिनीची भानगड समजून घेतल्याशिवाय नेड समजत नाही. चांगली, पाण्याजवळची कुरणं आधीच बड्या मेंढपाळ जमीनदारांनी बळकावलेली. सरकारने कायदा करून गरिबांना हप्त्यावर छोटे तुकडे दिले, पण अट अशी की कुंपण घाला, घर बांधा, पीक काढा, नाहीतर जमीन गेली. जमीन नापीक, हातात पैसा नाही. त्यात गुरं जमीनदाराच्या हद्दीत शिरली की कोंडवाड्यात, आणि सोडवायची तर दंड. पोलीस कुणाच्या बाजूचे असणार, हे आपल्या ग्रामीण भागातून आलेल्या मित्रांना वेगळं सांगायला नको. अशा भागात तरुण पोरं घोडे चोरायला लागली. नेडही त्यातलाच, सोळाव्या-सतराव्या वर्षी चोरीचा घोडा बाळगल्याबद्दल तीन वर्षं आत गेला. १८७४ मध्ये सुटल्यावर दोन-तीन वर्षं त्याने लाकडाच्या गिरण्यांमध्ये इमानदारीने काम केलं. मग पुन्हा घोडे.

एप्रिल १८७८ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाचा शिपाई नेडचा भाऊ डॅन याला पकडायला एकटाच केलींच्या घरी गेला. तिथे नेमकं काय झालं यावर आजही भांडणं होतात. शिपाई म्हणाला, नेडने माझ्या मनगटावर गोळी झाडली. घरचे म्हणाले, नेड तिथे नव्हताच. निकाल मात्र एलनच्या विरोधात लागला. कडेवर तान्हं मूल असताना तिला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. न्यायाधीश होते रेडमंड बॅरी. नाव लक्षात ठेवा. तो शिपाई पुढे दोन वर्षांनी पोलीस खात्यातून बडतर्फ झाला.

इथपर्यंत वाचून आपली सहानुभूती नेडकडे जाते. माझीही गेली. पण नंतर २६ ऑक्टोबर १८७८ येतो. नेड आणि डॅनला शोधायला चार पोलीस स्ट्रिंगीबार्क ओढ्याकाठी तळ ठोकून होते. नेड, डॅन आणि त्यांचे दोन दोस्त, जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट, यांनी तळावर हल्ला केला. लोनिगन, स्कॅनलन आणि केनेडी हे तीन पोलीस ठार झाले, चौथा मॅकइंटायर घोड्यावरून निसटला. केनेडीला तर पळताना पाठलाग करून गोळी घातली. या तिघांनाही घरं होती. नेडला हीरो करणारे लोक ही ओळ घाईघाईत वाचतात, म्हणून मी मुद्दाम सावकाश लिहितोय.

यानंतर सरकारने खास कायदा करून चौघांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलं. म्हणजे कुणीही, न विचारता, दिसल्या जागी गोळी घालू शकेल. इनाम वाढत वाढत ८,००० पौंडांवर गेलं. तरी वीस महिने ते सापडले नाहीत. डिसेंबर १८७८ मध्ये युरोआची बँक लुटली, फेब्रुवारी १८७९ मध्ये जेरिल्डरीची. जेरिल्डरीत आधी पोलीस ठाणंच ताब्यात घेतलं, पोलिसांना त्यांच्याच कोठडीत टाकलं आणि त्यांचेच गणवेश घालून गावात फिरले. बँकेतले शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद जाळले. तिथेच नेडने आपली बाजू मांडणारं छप्पन्न पानी पत्र मागे ठेवलं. सांगणारा नेड, लिहिणारा जो बर्न. ते पत्र आज मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे.

आता चिलखत. स्ट्रिंगीबार्कनंतर पोलीस पूर्ण तयारीने येणार हे उघड होतं. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. या रायफलीची गोळी सुमारे ११.४ मि.मी. जाडीची, वजन जवळजवळ ३१ ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ४०० मीटर. कॅल्क्युलेटर काढा: अर्धा एमव्ही वर्ग, म्हणजे सुमारे २,५०० जूल. मात्र गोळी शिशाची, मऊ. कडक पत्र्यावर आपटली की ती चपटी होते, पसरते आणि तिची ऊर्जा मोठ्या क्षेत्रफळावर वाटली जाते. पत्रा किती जाड हवा हा प्रश्न एवढ्यावरच ठरतो, पण ही आकडेमोड नेडने केली नसणार. त्याने केलं ते साधं. हाताशी जे सगळ्यात जाड आणि चिवट लोखंड होतं ते घेतलं.

ते लोखंड होतं नांगराचं. नांगराचा फाळ जमीन फाडतो आणि त्याच्या मागचा रुंद, पिळदार, वाकडा पत्रा माती उलटवून बाजूला टाकतो. हा मागचा पत्रा वर्षानुवर्षं दगडगोट्यांवर घासला जाणार म्हणून मुळातच जाड बनवलेला असतो, साधारण पाव इंच म्हणजे ६ मि.मी. १८८० च्या सुरुवातीला ग्रेटाच्या आसपासच्या शेतांवरून हे पत्रे गायब व्हायला लागले. काही चोरीला गेले, काही सहानुभूतीदारांनी आपणहून दिले. पोलिसांकडे तक्रारी आल्या. नांगराचे पत्रे चोरून कुणी काय करणार, असं म्हणून त्या तशाच पडून राहिल्या असतील.

हे पत्रे सरळ कसे केले, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी भाग. आपण फर्स्ट इयरला स्मिथी शॉपमध्ये गोल सळईचा चौकोनी जॉब करताना हाताला फोड आणतो. तिथे भट्टी, ऐरण, चिमटे सगळं हाताशी असतं आणि सळई बोटाएवढी. इथे छातीएवढा पिळदार पत्रा. बरीच वर्षं लोक मानत होते की हे काम कुणातरी कसलेल्या लोहाराचंच. २००३ मध्ये जो बर्नचं चिलखत सुटं करून सिडनीजवळच्या लुकस हाइट्स इथल्या अणुसंशोधन केंद्रात तपासलं गेलं. निष्कर्ष असा की धातू सगळीकडे सारखा तापलेला नाही. काही भाग थंड असतानाच वाकवलेत, काही भाग बराच वेळ आगीत होते, पण तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं नाही. घडाईचा दर्जाही लोहाराच्या मानाने कच्चा. म्हणजे रानात पेटवलेली भट्टी, आणि बहुधा ओल्या लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून ठोकलेला पत्रा. मग कापायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे. आपल्या वर्कशॉपच्या सरांनी जॉब बघितला असता तर फिनिशिंगचे गुण नक्की कापले असते.

चार माणसांची चार चिलखतं झाली. नेडच्या चिलखताला छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा, खांद्याचे तुकडे, कमरेखाली पुढे आणि मागे लोंबणारे पत्रे, आणि डोक्यावर शिरस्त्राण. शिरस्त्राण म्हणजे डब्याची दोन्ही झाकणं काढून तो डोक्यावर घातल्यासारखं, डोळ्यांपुढे एक आडवी फट. वजन सगळं मिळून सुमारे ४४ किलो. मेसमध्ये गव्हाचं ५० किलोचं पोतं येतं ते आठवा. ते अंगाला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायचं आणि रात्रीच्या अंधारात लढायचं. डोक्याला टोचू नये म्हणून नेड आत जाड टोपी घालायचा, आणि शिरस्त्राणाचं थोडं वजन डोक्याने उचलावं म्हणून आतून पट्टे लावलेले होते.

इथे जरा आजच्या प्लेट्सकडे वळतो, म्हणजे नेडच्या निवडीचं मोल कळेल. आज सैनिक किंवा पोलीस जे प्लेट कॅरिअर घालतात ते म्हणजे नुसतं कापडी कव्हर, त्यात पुढे एक आणि मागे एक कडक प्लेट सरकवायची. प्लेट साधारण २५ बाय ३० सें.मी. एवढीच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती हास्यास्पद छोटी वाटते. पोट अर्धं उघडं, बगला उघड्या. पण ती मुद्दाम तेवढी असते. हृदय, त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांचा बराचसा भाग तिच्यामागे येतो, म्हणजे जिथे गोळी लागली तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत माणूस टिकत नाही अशी जागा. बाकीचं उघडं ठेवून माणसाला पळता, वाकता, नेम धरता येणं हे विकत घेतलेलं असतं. ६ मि.मी. लोखंडाची एवढी एक प्लेट केली तर वजन भरतं साडेतीन किलो. हाच भागाकार नेडला लावला तर त्याच्या अंगावर अशा बारा प्लेट्सएवढं लोखंड होतं.

मटेरियल काय घ्यायचं हा पुढचा प्रश्न. पोलाद स्वस्त, पातळ, एकाच जागी अनेक गोळ्या सोसतं. पण जड असतं, आणि गोळी त्यावर फुटली की तिचे तुकडे पत्र्याला समांतर उडून हनुवटीत, दंडात घुसतात. म्हणून त्यावर तुकडे अडवणारा लेप लागतो. आणि साधं पोलाद चालत नाही. आजच्या रायफलीची गोळी नेडच्या वेळच्या दुप्पट वेगाने येते, तिला नेडचा पत्रा म्हणजे पापड. सिरॅमिकच्या प्लेटमध्ये अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइडचा थर गोळीचं टोकच फोडतो आणि मागचा धाग्यांचा थर तुकडे झेलतो. बोरॉन कार्बाइडची घनता पोलादाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तोटा असा, की प्लेट जमिनीवर आपटली तर आत तडा जाऊ शकतो आणि तो वरून दिसत नाही. पॉलिएथिलीनची प्लेट इतकी हलकी की पाण्यावर तरंगते, पण कडक पोलादी गाभ्याची गोळी तिच्यातून जाऊ शकते आणि उष्णता तिला मानवत नाही. तेव्हा सगळ्यात चांगली प्लेट कोणती, हा प्रश्नच चुकीचा. समोर कोणती गोळी येणार, किती वेळ घालायची आणि ती घालून काय करायचंय, हे आधी विचारायचं. आपल्याकडे २०१८ पासून भारतीय मानक १७०५१ आहे, त्यात कोणत्या पातळीचं जॅकेट कोणत्या गोळ्यांना पुरलं पाहिजे ते ठरवून दिलंय. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांवरून महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. कुठलंही जॅकेट घेताना लेबलावर ही पातळी बघायची असते, दुकानदाराचं बोलणं नव्हे.

नेडकडे मानक नव्हतं, पण चाचणी होती. पोलिसांना बातम्या देणाऱ्या एका खबऱ्याने मे १८८० मध्ये कळवलं, की हरवलेल्या अवजारांच्या पत्र्यांची जॅकेटं बनतायत, अंगाला छान बसतायत, आणि घालण्याआधी गोळी मारून पाहिली तर दहा यार्डांवरून टिकतायत. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटर. टेस्ट रिपोर्ट म्हणून एकदम चोख: नमुना, अंतर, निकाल. हे पत्र बड्या पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत पोचलं आणि त्यांनी ते थाप म्हणून बाजूला ठेवलं. महिन्याभराने त्यांचेच शिपाई त्या जॅकेटांवर गोळ्या झाडत उभे होते.

हे चिलखत कशासाठी केलं होतं, ते बघू. नेडचा बेत असा. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून आरन शेरिट याला मारायचं, म्हणजे त्याच्यासाठी मेलबर्नहून पोलिसांची खास गाडी निघेल. ती गाडी ग्लेनरोवन स्टेशनच्या पुढे रूळ उखडून पाडायची आणि जे वाचतील त्यांना चिलखत घालून सामोरं जायचं. आरन हा जो बर्नचा बालपणचा दोस्त. २६ जून १८८० च्या रात्री जोनेच त्याला त्याच्या दारात गोळी घातली. त्या गाडीत पुढे पोलिसांबरोबर माग काढणारे आदिवासी, वार्ताहर आणि दोन स्त्रियाही बसल्या. बेत पार पडला असता तर नेडचं नाव आज वेगळ्याच यादीत असतं. या कामासाठी मात्र चिलखत बरोबर होतं, असं माझं मत. घोड्यावर लादून आणायचं, थोडा वेळ घालायचं, गोंधळलेल्या शत्रूसमोर एका जागी उभं राहायचं. पळायचं नाही, वाकायचं नाही, तेव्हा पायांना पत्रा नसला तरी चालेल आणि ४४ किलोही चालतील.

पण गाडी वेळेवर आलीच नाही. आरनच्या झोपडीत त्याच्या रक्षणासाठी लपलेले चार पोलीस भीतीने सकाळपर्यंत बाहेर पडले नाहीत, त्यामुळे बातमीच उशिरा गेली. नेडची टोळी रविवारचा अख्खा दिवस ग्लेनरोवनच्या खाणावळीत साठेक ओलिसांना घेऊन वाट बघत बसली. नाचगाणं झालं, उड्यांच्या शर्यती झाल्या. रात्री नेडने थॉमस कर्नो नावाच्या शाळामास्तराला घरी जाऊ दिलं. मास्तर सरळ रुळांवर गेला आणि मेणबत्तीपुढे लाल रुमाल धरून त्याने गाडी थांबवली. तीसेक सेकंदांचं काम असेल. सगळी टोळी, सगळं लोखंड, सगळा बेत त्या रुमालापाशी संपला.

२८ जूनच्या पहाटे तीनच्या सुमारास पोलिसांनी खाणावळ घेरली आणि पहिल्याच फैरीत चिलखताच्या उणिवा एकेक करून बाहेर आल्या. नेडच्या पावलाला गोळी लागली, डाव्या हाताला लागली. दोन्ही ठिकाणी पत्रा नव्हता. शिरस्त्राण घातल्यावर रायफलीचा दस्ता गालाला लावून नेम धरता येत नव्हता. फटीतून दिसायचं ते समोरचंच. जो बर्न खाणावळीच्या बारपाशी उभा असताना मांडीच्या वरच्या बाजूला, पत्र्याच्या खालून आलेली गोळी त्याची मोठी रक्तवाहिनी तोडून गेली. काही क्षणांत तो गेला. त्याचं चिलखत जागच्या जागी, अभंग.

लाकडी भिंतींतून गोळ्या आरपार जात होत्या आणि आत ओलीस होते. खाणावळवालीचा तेरा वर्षांचा मुलगा जॉन जोन्स पोलिसांच्या गोळीने मेला. मार्टिन चेरी आणि जॉर्ज मेटकाफ हे आणखी दोघेही गेले. त्यांच्या अंगावर कुणी पत्रा घातला नव्हता.

नेड अंधारात मागच्या बाजूने झाडीत निसटला होता. रक्त वाहत होतं. घोडा होता, रान ओळखीचं होतं, तो जाऊ शकला असता असं बरेच जण मानतात. पण आत भाऊ होता. सकाळी सातच्या सुमारास धुक्यातून, चिलखतावर लांब कोट घातलेली एक अवाढव्य आकृती पोलिसांच्या मागून चालत आली. पोलिसांना तो माणूस आहे हेच आधी कळेना. गोळी लागली की टणत्कार व्हायचा, आकृती हेलकावे खायची आणि पुन्हा पुढे यायची. एस.ओ.एम.वाल्यांसाठी सांगतो, मार्टिनीच्या गोळीचा संवेग सव्वाशे किलोंच्या माणसाला सेकंदाला दहा सेंटिमीटरसुद्धा वेग देऊ शकत नाही, त्यामुळे गोळीने माणूस मागे उडून पडतो हे फक्त सिनेमात. पण तोच धक्का डोक्यावरच्या डब्याला बसला तर तो डबा आतल्या डोक्यावरच आपटतो. नंतर मोजले तेव्हा शिरस्त्राणावर पाच, छातीवर तीन, पाठीवर नऊ आणि खांद्याच्या पत्र्यावर एक अशा अठरा खुणा मिळाल्या. अठरापैकी एकही आत गेली नाही.

अर्धा तास हे चाललं. मग सार्जंट स्टील याच्या लक्षात आलं की आकृतीचे पाय पायांसारखेच आहेत. त्याने जवळ येऊन शॉटगनचे बार पायांवर टाकले आणि नेड कोसळला. डॉक्टरांनी २८ जखमा मोजल्या. मुख्य जखमा हात, पाय, कोपर अशा उघड्या भागांवर, शिवाय गोळ्या पत्र्यावर आदळून आत झालेले ओरखडे आणि खरचटे. चिलखत काढलं तेव्हा खाली तो हिरवा रेशमी कमरपट्टा निघाला, रक्ताने भिजलेला. तो आज बेनालाच्या संग्रहालयात आहे. पंधरा वर्षांपूर्वीची ओढ्यातली उडी तो लोखंडाच्या आत बांधून लढायला आला होता.

दुपारी पोलिसांनी खाणावळ पेटवून दिली. डॅन आणि स्टीव्ह आत मेलेले सापडले, चिलखतं काढून ठेवलेली.

मेसमध्ये या विषयावर आमची वादावादी झाली तेव्हा एकाचं म्हणणं पडलं, की नेडने पायालाही पत्रे लावायला हवे होते. मला ते पटत नाही. पायाला लावले असते तर वजन साठ किलोंवर गेलं असतं आणि धुक्यातून चालत येणंच झालं नसतं. गोळी दुसऱ्या कुठल्यातरी फटीतून गेली असती, फट राहतेच. त्याऐवजी पाठीचा, खांद्याचा भार कमी करून तो हलका झाला असता का? कदाचित. पण पाठीवर नऊ खुणा आहेत, म्हणजे तो पत्रा नसता तर तो पहिल्या पाच मिनिटांतच गेला असता. एका कामासाठी ठरवलेलं वजन आणि आकार दुसऱ्याच कामाला लागला, इतकंच मला त्यात दिसतं. बेत बदलला तेव्हा चिलखत बदलायला वेळ नव्हता.

खटला ऑक्टोबरच्या अखेरीस मेलबर्नला चालला. न्यायाधीश तेच, रेडमंड बॅरी. मुख्य साक्षीदार स्ट्रिंगीबार्कहून निसटलेला मॅकइंटायर. लोनिगनच्या खुनाबद्दल फाशी. शिक्षा माफ करावी म्हणून तीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या, उपयोग झाला नाही. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्न तुरुंगात त्याला फाशी दिलं. वय पंचवीस, म्हणजे आपल्यातल्या एखाद्या एम.ई.वाल्याएवढं. आई त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होती. बारा दिवसांनी बॅरीही वारले. पुढच्या वर्षी नेमलेल्या चौकशी आयोगाने पोलीस खात्याच्या कारभारावर चांगलेच ताशेरे ओढले.

चिलखतांचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून इकडेतिकडे नेले आणि ते एकमेकांत मिसळले. कुणाचा खांदा कुणाच्या छातीला लागला होता. २००२ च्या सुमारास तुकडे पुन्हा जुळवून नेडचं चिलखत पूर्ण केलं गेलं, ते स्टेट लायब्ररीत काचेआड उभं आहे. नेडच्या फाशीनंतर पंचवीस-सव्वीस वर्षांतच, १९०६ मध्ये, त्याच्यावर चित्रपट निघाला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचं नाव घेतात. सिडनी नोलन या चित्रकाराने तो चौकोनी काळा डबा इतक्या वेळा रंगवला की ऑस्ट्रेलियात नुसती फट काढली तरी पोरं नाव सांगतात.

माणूस मात्र हरवला होता. तुरुंगाच्या आवारात पुरलेली हाडं पुढे दुसऱ्या तुरुंगात हलवली गेली आणि कुणाची कुठली ते कळेनासं झालं. २०११ मध्ये बहिणीच्या वंशातल्या एका व्यक्तीच्या डीएनएशी जुळवून तो सांगाडा ओळखला गेला. नडगीत, पावलात आणि डाव्या कोपरात गोळ्यांच्या खुणा होत्या. कवटीचा बराचसा भाग मात्र नव्हता, तो अजून सापडलेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये ग्रेटाच्या दफनभूमीत, आईच्या जवळ, त्याला पुरलं. खुणेचा दगड लावला नाही, आणि कुणी उकरू नये म्हणून वरून काँक्रीट ओतलं.